सभ्य तो, जो सभेत बसतो

(एका उपनगरी वसाहतीच्या वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला तो 'शेजारधर्म आणि सार्वजनिक शिष्टाचार' असा. विषय ऐकून प्रथम वाटले, यावर बोलण्यासारखे काय आहे? जिन्यात कचरा टाकू नये, रात्री मोठ्याने दूरदर्शन लावू नये, दुसऱ्याच्या दारासमोर गाडी उभी करू नये. हे सांगायला बाहेरून वक्ता कशाला बोलवायचा? ते आपल्या घरातली आजीसुद्धा सांगते आणि अधिक अधिकाराने सांगते. पण विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, जिन्यातल्या कचऱ्याचा प्रश्न सोपा आहे. अवघड प्रश्न निराळाच आहे. एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहणारी माणसे सर्वांच्या कामासाठी एकत्र बसतात, तेव्हा ती परस्परांशी कशी बोलतात? आणि मुळात ती एकत्र बसतात तरी का?

आपण 'सभ्य' हा शब्द रोज वापरतो. 'अमुक गृहस्थ फार सभ्य आहेत हो,' असे म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर कोण असतो? खाली मान घालून जाणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात, आपण बरे की आपले घर बरे असा मनुष्य. परंतु शब्दाचा मूळ अर्थ तसा नाही. पाणिनीच्या व्याकरणाप्रमाणे 'सभा' या शब्दाला प्रत्यय लागून 'सभ्य' शब्द सिद्ध होतो. सभेत जो योग्य ठरतो, तो सभ्य. तीच गोष्ट 'सभासद' या शब्दाची. सभासद म्हणजे सभेत बसणारा. आमच्या पूर्वजांना सभेचे एवढे महत्त्व होते की, अथर्ववेदात सभा आणि समिती या दोघींना प्रजापतीच्या कन्या म्हटले आहे. आज आपल्यापैकी बहुतेकांजवळ गृहनिर्माण संस्थेचा भागदाखला आहे. कागदोपत्री आपण सगळे सभासद आहोत. पण सभेत बसणारे किती? आणि बसणाऱ्यांत सभ्य किती? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आमच्या इमारतीतील एक सभा

दुसऱ्याच्या घरातील दोष दाखवण्याची सवय आम्हा पत्रकारांना असतेच. म्हणून आज मी माझ्याच इमारतीची गोष्ट सांगतो.

आमची संस्था चाळीस सदनिकांची. दरवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी सकाळी गाड्या लावण्याच्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात आणि वार्षिक सर्वसाधारण सभा भरते. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ही सभा घ्यावी, असा कायदाच आहे. चौदा दिवस आधी सूचना फलकावर लागते. ती सूचना वाचण्यासाठी थांबलेला मनुष्य मी क्वचितच पाहिला आहे. उपविधीप्रमाणे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक जमले की कोरम पुरा होतो. आमच्याकडे तो बहुधा होत नाही. मग सभा अर्धा तास तहकूब होते आणि त्याच खुर्च्यांवर, त्याच बारा-पंधरा माणसांत पुन्हा सुरू होते.

काही वर्षांपूर्वी एकदा मात्र चोवीस जण जमले. गच्चीवरील पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा मोठा खर्च मंजुरीसाठी आला होता. चौथ्या मजल्यावर एक काका राहतात. सरकारी लेखा विभागातून निवृत्त झालेले, बेताचे बोलणारे. ते उठले. त्यांच्या हातात अहवालाची प्रत होती, समासात शिसपेन्सिलीच्या खुणा केलेल्या. त्यांनी विचारले, "वॉटरप्रूफिंगची रक्कम बिलात दिसते. कामाची हमी लेखी घेतली आहे का? घेतली असल्यास ती किती वर्षांची?"

प्रश्न एवढाच. उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे दोन अक्षरांत संपले असते. पण समितीच्या बाजूचे एक गृहस्थ म्हणाले, "काका, तुमचा दोन महिन्यांचा मेंटेनन्स बाकी आहे. आधी तो भरा, मग हिशेब विचारा." दुसरे म्हणाले, "यांना वेळ जात नाही, म्हणून हे चाललंय." तिसऱ्याने आवाज चढवला. कोणीतरी हसले. काकांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला आणि ते खाली बसले. खर्च मंजूर झाला. चहा आला.

बंधु-भगिनींनो, मी त्या सभेत तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मीही आदल्या रात्री तो अहवाल वाचला होता. माझ्याही मनात तोच प्रश्न होता. तीस वर्षे मी मंत्र्यांना पत्रकार परिषदेत प्रश्न विचारले आहेत. त्या रविवारी मात्र मी गप्प बसलो. मनाशी म्हणालो, रोज जिन्यात भेटणारी माणसे आहेत, कशाला वाईटपणा घ्या! आणि आपण सभ्य आहोत, या समाधानात घरी जाऊन जेवलो.

दोन पावसाळ्यांनंतर टाकी पुन्हा गळू लागली. लेखी हमी नव्हतीच. प्रत्येक घराने पुन्हा वर्गणी काढली. पण पैशाचे नुकसान मी लहान समजतो. मोठे नुकसान हे की, काका त्यानंतर तीन वर्षे एकाही सभेला आले नाहीत. आणि त्यांच्या पाठोपाठ प्रश्न विचारू शकणारी आणखी चार-पाच माणसे घरी बसली.

गप्प बसणाऱ्यांचा कोरम

मग आमच्याकडे पुनर्विकासाचा विषय निघाला. ज्यांच्या इमारती जुन्या झाल्या आहेत, त्यांना हा शब्द उच्चारताच काय होते ते मी सांगायला नको. आयुष्याची सगळी कमाई ज्या चार भिंतींत आहे, त्या भिंती पाडण्याचा निर्णय घ्यायचा असतो. २०१९ च्या शासकीय निर्देशांत अशा सभेसाठी दोन तृतीयांश सभासदांची उपस्थिती आणि एकूण सभासदांच्या बहुमताची संमती सांगितली आहे. सभेचे चित्रीकरण करावे असेही म्हटले आहे. शासनाला कॅमेरा लावायला सांगावे लागते, यातच आपल्या सभांची स्थिती आली. चाळीसांपैकी सत्तावीस माणसे एका ठिकाणी आणायची कशी, हा आमच्यापुढचा पहिला प्रश्न होता. विकासकाने दिलेले आकडे तपासायचे कोणी, हा दुसरा.

चिटणीस आणि मी, दोघे काकांच्या घरी गेलो. त्यांनी आत बोलावले, पाणी दिले. मी जुना विषय काढला, क्षमा मागितली. काका शांतपणे म्हणाले, "अहो, ओरडणाऱ्यांचे मला काही वाटले नाही. ते तिघेच होते. मला सोडले तर गप्प बसलेले वीस होते. मी मोजले होते. म्हणजे त्या दिवशीचा कोरम गप्प बसणाऱ्यांचा होता!"

हिशेबाच्या माणसाने मांडलेला तो हिशेब होता. त्यात खोड काढायला जागा नव्हती.

असभ्यपणा म्हणजे आरडाओरडा, अशी आपली समजूत आहे. पण तीन माणसांचा आवाज मोठा होतो, तो वीस माणसांच्या शांततेमुळे. कौरवांच्या द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला, तेव्हा ओरडणारे थोडेच होते. पितामहांपासून आचार्यांपर्यंत मोठी मोठी माणसे तेथे बसली होती आणि त्यांतील बहुतेक खाली पाहत होती. उघडपणे बोलले ते विदुर आणि खुद्द कौरवांपैकी विकर्ण. त्या सभेचे स्मरण आपण दु:शासनासाठी करतो. व्यासांनी मात्र सभेतल्या मौनाचीही तेवढीच नोंद ठेवली आहे.

पन्नास शेजाऱ्यांची सही

एकत्र बसणे आणि नीट बोलणे हे आपल्या मातीला नवे नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेची स्थापना १८७० मध्ये झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या, त्यांतून हा विचार पुढे आला. गणेश वासुदेव जोशी या कामात इतके रमले की, लोक त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणू लागले. या सभेचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. जो सभासद होऊ इच्छितो, त्याने किमान पन्नास प्रौढ माणसांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. आरंभीच्या पंचाण्णव सभासदांच्या मागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या.

विचार करा. मतदान ठाऊक नसलेल्या त्या काळात 'मी लोकांच्या वतीने बोलतो' असे म्हणण्याआधी पन्नास उंबरठे चढावे लागत. पन्नास घरी बसावे लागे, पन्नास माणसांचे ऐकावे लागे. ज्याने पन्नासांचे ऐकले, त्याच्या बोलण्याला आपोआप लगाम बसतो. आज आपल्या सभेत 'सगळ्यांचे असे म्हणणे आहे' हे वाक्य हमखास ऐकू येते. सगळे म्हणजे कोण, हे मात्र कोणी सांगत नाही.

याच सभेत पुढे तीव्र मतभेद झाले. १८९५ मध्ये सभेचा कारभार टिळकांच्या पक्षाकडे गेला आणि रानडे-गोखले यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. त्या काळातील वृत्तपत्रे पाहिली तर शब्द बोचरे आहेत, हे मान्य केले पाहिजे. तरीही १९०१ मध्ये न्यायमूर्ती रानडे गेले, तेव्हा टिळकांनी 'केसरी'त लिहिलेला मृत्युलेख वाचावा. मरगळलेल्या महाराष्ट्रात चैतन्य आणण्याचे श्रेय त्यांनी आपल्या प्रतिपक्षाच्या पदरात हात न आखडता घातले. मतभेद सोडले नाहीत, आणि माणसाचे मोठेपणही नाकारले नाही. मजल्यावरच्या नळासाठी भांडून दहा-दहा वर्षे अबोला धरणाऱ्या आपण सर्वांनी हा मृत्युलेख एकदा वाचण्यासारखा आहे.

दुसरे उदाहरण घटना समितीचे. भारताची राज्यघटना तयार होत असताना मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. प्रत्येक दुरुस्ती म्हणजे कोणीतरी उठून म्हणणे की, 'हे मला पटत नाही.' मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर २५ नोव्हेंबर १९४९ रोजी समारोपाला उभे राहिले, तेव्हा त्यांनी सहकाऱ्यांचे आभार मानलेच. पण जे सतत विरोधी दुरुस्त्या आणत होते, त्या कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू आदी सदस्यांची नावे घेऊन त्यांचाही गौरव केला. यांच्या सूचना मला स्वीकारता आल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. देशाची घटना लिहिणाऱ्या माणसाला विरोधकाचे आभार मानता आले. आपल्याला मात्र टाकीच्या बिलावर प्रश्न विचारणारा शत्रू वाटतो!

चिटणीसाचे दु:ख

आता दुसरी बाजू सांगितली नाही, तर अन्याय होईल. संस्थेची समिती म्हणजे आपल्यासारखीच माणसे. चिटणीसाला पगार नसतो. रात्री अकरा वाजता पाणी गेले की फोन त्याला. लिफ्ट अडकली, धावायचे त्याने. वर्षभर राबून तो सभेत येतो आणि वर्षभर न फिरकलेला सभासद उठून पहिले वाक्य बोलतो, "यात काहीतरी घोळ आहे!" मग त्याने का चिडू नये? आमच्या चिटणीसांनी मला एकदा सांगितले, "प्रश्नाचा राग नाही येत. प्रश्नाच्या आधीच निकाल लागलेला असतो, त्याचा येतो."

हे अगदी खरे आहे. 'हमी घेतली आहे का?' हा प्रश्न आहे. 'हमी का खाल्ली?' हा आरोप आहे. पहिला विचारण्याचा प्रत्येक सभासदाला अधिकार आहे. दुसरा करण्यासाठी पुरावा लागतो. संस्थेची कागदपत्रे पाहण्याचा हक्क महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने सभासदाला दिला आहे. तो किती जण वापरतात? कागद न पाहता आरोप करणे सोपे असते. पाहिल्यावर पुष्कळदा आरोपाचा प्रश्न होतो, आणि प्रश्नाचे उत्तरही त्याच कागदावर सापडते. हिशेबाचा आग्रह ही काही पाश्चात्त्यांकडून घेतलेली गोष्ट नव्हे. तामिळनाडूतील उत्तरमेरूर येथे चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील, इ. स. ९१९ व ९२१ चे शिलालेख आहेत. ज्याने पूर्वी पद भूषवून हिशेब दिला नाही तो, आणि त्याचे नातलगही, ग्रामसभेच्या समितीसाठी अपात्र, असा नियम तेथे दगडावर कोरून ठेवला आहे. त्या सभेत सर्वांना प्रवेश नव्हता, जमीन आणि विद्या यांच्या अटी होत्या, हेही सांगितले पाहिजे. पण हिशेब देणे हा अपमान नसून पदाचा भाग आहे, हे त्यांना कळले होते.

आम्ही काय केले

काका सभेला यायला तयार झाले, पण त्यांनी अट घातली. "मी विचारीन. मला कोणी मध्ये थांबवले, तर तुम्ही उठायचे."

पुनर्विकासाची पहिली सभा झाली. एकतीस जण आले. काका बोलू लागले आणि अपेक्षेप्रमाणे मागून आवाज आला. मी उठलो. खरे सांगतो, पाय कापत होते. मी एवढेच म्हणालो, "त्यांचे पूर्ण होऊ द्या." लगेच दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उठल्या, पाठोपाठ एक तरुण उठला. मागचा आवाज थांबला. यापेक्षा अधिक काही घडले नाही, आणि यापेक्षा अधिक काही लागतही नाही.

त्यानंतर आम्ही चार साध्या पद्धती पाडल्या. पहिली, अभ्यास आणि निर्णय वेगळे करायचे. ही गोष्ट आम्ही गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाकडून उचलली. तेथे ग्रामसभा निर्णय घेते आणि तो सर्वसहमतीने घेते. पण त्याआधी अभ्यासगटात विषय सर्व बाजूंनी चर्चिला जातो. अभ्यासगटात निर्णय नसतो, म्हणून हारजीतही नसते. याच रीतीने चालणाऱ्या त्या छोट्या गावाने २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. आम्ही दर पंधरवड्याला एका संध्याकाळी आकडे समजून घ्यायला बसू लागलो. या बैठकीत 'मला कळले नाही' असे म्हणण्याची कोणालाही लाज वाटेनाशी झाली.

दुसरी पद्धत, सर्वांचे एकदा बोलून होईपर्यंत कोणी दुसऱ्यांदा बोलायचे नाही. त्यामुळे जी माणसे, विशेषत: भगिनी, वर्षानुवर्षे सतरंजीच्या कडेला बसत, ती बोलू लागली. स्वयंपाकघरातल्या गळतीचा नकाशा आमच्या कोणत्याही अभियंत्यापेक्षा त्यांच्याजवळ अधिक अचूक होता.

तिसरी, उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे आणि 'बरोबर का?' असे विचारायचे. निम्मे तंटे याच ठिकाणी मिटतात, कारण निम्म्या वेळा आपण जे खोडून काढत असतो ते समोरचा बोललेलाच नसतो.

चौथी, इतिवृत्तात विरोधी मतही नोंदवायचे. ज्याचे मत नोंदले गेले, तो हरला तरी पुढच्या सभेला येतो. ज्याचे मत पुसले गेले, तो येत नाही.

आमचा पुनर्विकास झाला का, असे तुम्ही विचाराल. अजून नाही. पहिला प्रस्ताव आम्ही परत पाठवला, कारण काकांच्या पेन्सिलीला चटईक्षेत्राच्या हिशेबात दोन ठिकाणी अडखळायला झाले. दुसऱ्या प्रस्तावावर चर्चा चालू आहे. दोन कुटुंबांचा विरोध अद्याप कायम आहे. पण ती दोन्ही कुटुंबे प्रत्येक सभेला येतात, पुढच्या रांगेत बसतात आणि सभा संपल्यावर सर्वांबरोबर चहा घेतात. आमच्या इमारतीचे काय व्हायचे ते होईल. आमची सभा मात्र पडायची वाचली आहे.

शेजार बदलता येत नाही

संसदेतले विरोधक संध्याकाळी आपापल्या घरी जातात. आपला विरोधक आपल्याच जिन्याने वर येतो. त्याच्या घरचा कुकर आपल्याला ऐकू येतो आणि आपल्या घरी मध्यरात्री कोणाची छाती दुखू लागली तर पहिली बेल त्याच्याच दाराची वाजते. म्हणून शेजाऱ्यांच्या सभेत जिंकण्याला फारसा अर्थ नसतो. उद्या पुन्हा एकत्र बसता येईल असे बोलणे, हा तिथला पहिला नियम. आणि बोलण्यासारखे असताना गप्प न बसणे, हा दुसरा. पहिला पाळून दुसरा सोडला की माणसे भिडस्त होतात. दुसरा पाळून पहिला सोडला की भांडखोर. दोन्ही पाळणाऱ्यालाच आपल्या भाषेने 'सभ्य' म्हटले आहे.

सहकार कायद्यात २०१३ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा क्रियाशील सभासदाने पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजर असावे, अशी अट घालण्यात आली होती. पाच वर्षांत एकदा! कायद्याने आपल्याकडून किती थोडी अपेक्षा ठेवली, ते पाहा. तेवढीही आपल्याकडून पुरी होत नसेल, तर राष्ट्रकार्याच्या मोठ्या गोष्टी बोलण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही. राष्ट्र हे शेवटी आपल्या जिन्यापाशीच सुरू होते.

तेव्हा एकच विनंती करून थांबतो. आज घरी जाताना आपल्या इमारतीचा सूचनाफलक थांबून वाचा. पुढच्या सभेची तारीख लागली असेल, तर ती दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. आणि त्या दिवशी जाताना, गेली दोन-तीन वर्षे सभेला न आलेल्या एका शेजाऱ्याच्या दाराची बेल वाजवा. त्याला म्हणा, "चला, बरोबर जाऊ."

 आता प्रश्न विचारा. मला न पटणारे असतील, तर आधी तेच विचारा.